गाय दर २१ दिवसांनी उलटते. सेक्स्ड सीमेन वापरावं की गाय विकून टाकावी?

भाऊ, तुम्ही लिहिलंय ते असं: आर्णी तालुक्यात तुमची दुसऱ्या वेताची जर्सी संकरित गाय आहे. व्यायल्याला आठ महिने झाले. मार्च ते जून या काळात चार वेळा कांडी भरली, म्हणजे कृत्रिम रेतन केलं, आणि दर वेळी २०-२१ दिवसांनी ती उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली. खाण्यात सोयाबीनचं कुटार, थोडा कडबा आणि रोज दोन किलो सरकीची ढेप. शेजारी म्हणतात विकून टाक, कांडी भरणारा म्हणतो या वेळी सेक्स्ड सीमेन, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून शुक्राणू वेगळे काढलेली कांडी, वापरून पाहू.

दोन्ही करू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नको. मी पशुवैद्यक आहे, वर्धा जिल्ह्यात आर्वी-कारंजा भागात काम करते. उलटणाऱ्या गायी हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

तुमच्या गाईची एक बाजू चांगली आहे आणि ती तुमच्याच प्रश्नात लिहिलेली आहे. ती नेमकी २१ दिवसांनी उलटते, म्हणजे अंडाशय नियमित काम करतंय. गाय ३०-४० दिवसांनी किंवा कधीही उलटली असती, तर गर्भ धरून नंतर मेला का, हे आधी शोधावं लागलं असतं. तुमच्याकडे एक तर फलन झालंच नाही, किंवा गर्भ पहिल्या १६-१७ दिवसांच्या आत गेला. गर्भ आहे हे गाईच्या शरीराला साधारण त्या सुमारास कळतं. त्याआधी तो गेला, तर ती काही घडलंच नाही अशी वेळेवर माजावर येते.

आता त्या चार महिन्यांकडे बघा. मार्च ते जून! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो आणि टिनाखालच्या कोठ्यात त्याहून वाईट हाल असतात. पहिल्या काही दिवसांचा गर्भ उष्णतेला सगळ्यात नाजूक असतो. आणि मुख्य गोष्ट अशी, की अंडाशयातलं बीज एका माजात तयार होत नाही. ते वाढून पक्व व्हायला सुमारे तीन महिने लागतात. मे महिन्यात जे बीज वाढत होतं, तेच ऑगस्टमध्ये सुटतं. म्हणून पाऊस पडून गारवा आला तरी जुलै-ऑगस्टमध्ये गायी उलटत राहतात, आणि लोक म्हणतात आता तर ऊन नाही, मग गाय वांझच असणार. उन्हाळ्याची झळ अंडाशयात उरलेली असते, एवढंच.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. आज जे खाऊ घालाल, त्याचा परिणाम दसऱ्याच्या सुमारास सुटणाऱ्या बीजावर दिसेल. त्यामुळे हे तीन महिने वाया जाणारे समजू नका, इलाज याच महिन्यांत करायचा आहे.

खाण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सोयाबीनच्या पट्ट्यात मला हीच अडचण सगळ्यात जास्त दिसते. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या कुटारात कॅल्शियम बऱ्यापैकी असतं, पण फॉस्फरस फार कमी. कडब्यातही फॉस्फरस, तांबं आणि जस्त कमीच. वाळलेल्या वैरणीतलं कॅरोटीन उन्हात उडून जातं. त्यापासूनच गाय जीवनसत्त्व अ बनवते, आणि ते कमी पडलं की गर्भाशयाचं आतलं अस्तर कमकुवत होतं. ढेपेमधून फॉस्फरस आणि प्रथिनं मिळतात, म्हणून ढेप बंद करू नका, पण नुसत्या ढेपेवर भागत नाही. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ द्या, दोन-तीन किलो चोकर किंवा भरडा द्या, आणि आता पावसाळ्यात जेवढा हिरवा चारा मिळेल तेवढा द्या. खनिज मिश्रण आठवडाभर देऊन बंद करणारे खूप भेटतात. पाकीट संपलं की संपलं. तसं नको, तीन महिने सलग द्या. बांधावर सुबाभूळ असेल तर पाला उत्तम आहे, फक्त एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको, त्यात मायमोसिन नावाचं विष असतं. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून एकदा द्या.

गाईच्या फासळ्या मोजता येतात का, तेही बघा. शेवटच्या दोन-तीन दिसल्या तर हरकत नाही. सगळ्याच दिसत असतील, तर ती अंगातली चरबी जाळून दूध देतेय, आणि अशा गाईचं शरीर गर्भ धरण्याला मागे टाकतं.

दुसरं काम म्हणजे गर्भाशयाची तपासणी, आणि ती पुढच्याच माजाला करून घ्या. माजावरच्या गाईचा बळस, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ, लांब तार धरणारा हवा. त्यात पांढरे कण दिसले किंवा तो गढूळ असला, तर आत दाह आहे. पण बळस स्वच्छ दिसूनही आत सौम्य दाह असू शकतो. त्यासाठी व्हाईट साइड टेस्ट नावाची फार सोपी चाचणी आहे: थोड्या बळसात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालून उकळायचं, पिवळं झालं तर दाह आहे. खर्च जवळपास काहीच नाही. दाह निघाला तर बळस प्रयोगशाळेत पाठवून कोणतं अँटिबायोटिक लागू पडतं ते आधी बघा आणि मग उपचार करा. तो माज रिकामा जाऊ द्या. न तपासता दर माजाला गर्भाशयात औषध सोडणं मला अजिबात पटत नाही. त्याने जंतू हट्टी होतात आणि अस्तरही दुखावतं. यवतमाळला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. तिथे जमलं नाही तर अकोल्याची पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था किंवा नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा.

आता वेळ. गाईचा माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, आणि बीज सुटतं ते माज संपल्यावर १० ते १४ तासांनी. सुटलेलं बीज काही तासच टिकतं, आणि गोठवलेल्या कांडीतले शुक्राणू ताज्यांपेक्षा लवकर थकतात. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. अमेरिकेत नेब्रास्काला ट्रिम्बर्गर नावाच्या संशोधकाने १९४० च्या दशकात हे दाखवून दिलं आणि आजही ते लागू आहे.

अडचण अशी, की तुमच्याकडे एकच गाय आहे. माजाची खरी खूण म्हणजे दुसरं जनावर अंगावर चढलं तरी गाय उभी राहते. एकट्या बांधलेल्या गाईत ती दिसतच नाही. हंबरण्यावरून माज सुरू झालाय की संपत आलाय ते कळत नाही. म्हणून १८ व्या दिवसापासून पहाटे, दुपारी आणि रात्री झोपण्याआधी तिच्या मागे उभं राहून बघा: बळस, सुजलेली योनी, वारंवार थोडी थोडी लघवी, कमी झालेलं दूध. बळस पहिल्यांदा दिसला ती वेळ भिंतीवर खडूने लिहा. दोन गोष्टी आणखी लिहा. भरल्यावर २४ तासांनीही बळस चालूच असेल तर बीज उशिरा सुटतंय, त्याच दिवशी दुसरी कांडी भरून घ्या. आणि भरल्यावर दुसऱ्याच दिवशी लालसर स्राव दिसला तर कांडी उशिरा पडली असण्याचीच शक्यता जास्त. या नोंदी घेऊन डॉक्टरांकडे गेलात, तर माजाच्या वेळी जीएनआरएचचं (बीज सुटायला मदत करणाऱ्या संप्रेरकाचं) इंजेक्शन द्यायचं का, हे ते नीट ठरवू शकतील. औषध दुकानातून संप्रेरकाची इंजेक्शनं आणून घरी टोचू नका. त्यांतल्या प्रोस्टाग्लॅंडिनने गाभण जनावर गाभडतं, आणि ते माणसाच्या कातडीतूनही शोषलं जातं. घरातल्या गरोदर बाईचा किंवा दमेकऱ्याचा त्याला हातसुद्धा लागता कामा नये.

कांडी भरणाऱ्याचं काम उभं राहून बघा, यात भिडेचं काही नाही. कांडी उणे १९६ अंशांतून येते. ती ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद ठेवायची असते. खिशात, तळहातात किंवा उन्हात वितळवलेली कांडी म्हणजे वाया गेलेला माज.

आता सेक्स्ड सीमेन. त्यातून साधारण ९० टक्के कालवडी होतात हे खरं. पण साध्या कांडीत दोन कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, तर सेक्स्ड कांडीत वीस लाखांच्या आसपास, आणि वेगळे करताना तेही थकलेले असतात. निरोगी कालवडीतही त्याने गाभण राहण्याचं प्रमाण कमी येतं. चार वेळा उलटलेल्या गाईला ते वापरणं म्हणजे पैसे आणि माज दोन्ही घालवणं. ही गाय साध्या कांडीने गाभण राहू द्या. गावच्या सांडाकडे नेण्याचाही सल्ला मिळेल, पण ब्रुसेलोसिससारखे संसर्गाचे आजार तपासलेले नसलेल्या सांडाने नवीनच दुखणं येऊ शकतं.

कांडी जर्सी संकरित वळूचीच घ्या. शुद्ध जर्सीची घेतली तर वासरात विदेशी रक्ताचा अंश वाढत जातो आणि तेवढा आपला उन्हाळा त्याला जड जातो. कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक लिहून ठेवा, म्हणजे हिच्या कालवडीला पुढे तोच वळू लागणार नाही.

दसऱ्याच्या आसपासच्या माजाला भरा. उलटली नाही म्हणून गाभण धरू नका. सोनोग्राफी मिळाली तर ३० दिवसांनी, नाहीतर ६० दिवसांनी हात घालून तपासून घ्या. दोन-तीन माज असे नीट भरूनही राहिली नाही, किंवा तपासणीत गर्भनलिका चिकटलेल्या निघाल्या, तर विकण्याचा विचार करा, आणि घेणाऱ्याला कारण सांगून विका.