‘हेटफुल एट’मध्ये पहिला दीड तास नुसत्या गप्पाच आहेत, मग हा वेस्टर्न कसला?

बंद खोलीतला सिनेमा 70 एमएमवर, म्हणजे नेहमीच्या दुप्पट रुंद फिल्मवर, कशाला काढायचा, हेही तुम्ही प्रश्नाच्या खाली जोडलंय. त्याच्यावर येतो. पण आधी ते ‘काहीच घडत नाही, बोलत बसतात’ घेतो, कारण हे वाक्य मी 2015 पासून ऐकतोय, दर दिवाळीच्या फोनवर, आमच्या दाजींच्या तोंडून.

मी डेन्व्हरजवळ राहतो. त्या वर्षी ताई आणि दाजी थंडीत आमच्याकडे आले होते. दाजींचा सांगलीला पीव्हीसी पाइपचा धंदा, माणूस एकदम दिलदार, पण सिनेमा म्हटला की घोडे पळाले पाहिजेत आणि गोळ्या सुटल्या पाहिजेत. वेस्टर्न त्यांच्या लहानपणापासूनच्या आवडीचा. म्हणून मी मोठ्या हौसेने ख्रिसमसच्या सुट्टीत ‘द हेटफुल एट’च्या 70 एमएम रोड-शोची तिकिटं काढली. रोड-शो म्हणजे जुन्या पद्धतीचा थाट, सुरुवातीला पडद्यावर काही न होता नुसतं संगीत, हातात छापील पुस्तिका, आणि मध्ये चक्क इंटर्व्हल. अमेरिकेत इंटर्व्हल! दाजी त्याच्यावरच खूश झाले. आणि इंटर्व्हलला जे बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. सिनेमा संपल्यावर बाहेर येऊन बघतो तर लॉबीत पॉपकॉर्नचा टब मांडीवर घेऊन शांत बसलेले. म्हणे, “अरे हे नाटक आहे. एक सेट लावायचा आणि भावे नाट्यमंदिरात करायचं, बर्फ कशाला पाहिजे?”

आता ज्याने बघितला नसेल त्याच्यासाठी दोन ओळीत. अमेरिकन यादवी युद्धानंतरची काही वर्षं, वायोमिंगमधला हिवाळा, वादळ मागे लागलंय. जॉन रुथ नावाचा बाउंटी हंटर, म्हणजे इनामासाठी गुन्हेगार पकडणारा (कर्ट रसेल), डेझी डोमर्ग्यू नावाच्या बाईला हाताला साखळी बांधून रेड रॉक गावी फाशी द्यायला नेतोय, तिच्या डोक्यावर 10,000 डॉलरचं इनाम. वाटेत मेजर वॉरन हा काळा बाउंटी हंटर (सॅम्युअल एल. जॅक्सन) आणि ‘मी रेड रॉकचा नवा शेरीफ’ म्हणणारा मॅनिक्स गाडीत चढतात. वादळामुळे सगळे मिनीच्या दुकानवजा खानावळीत अडकतात, तिथे आधीच चार जण बसलेत आणि मिनीचा पत्ता नाही. बस, आता बोला एकमेकांशी.

आणि इथेच दाजींचं आणि तुमचं चुकतं असं माझं मत आहे. ते गप्पा मारत नाहीयेत, ते एकमेकांची झडती घेतायत. तू कोण, कुठला, युद्धात कुठल्या बाजूने होतास, शेरीफ असशील तर बिल्ला कुठाय, जल्लाद असशील तर कागद दाखव. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेला माणूस आधी गाव विचारतो, मग आडनाव, मग “म्हणजे नक्की कुठले?” तो गप्पा मारतोय असं वाटतं तुम्हाला? तो तुमची जागा ठरवतोय. फरक एवढाच की एसटीत कुणाच्या कमरेला पिस्तूल नसतं.

हे मला सिनेमा बघताना कळलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. ते कळलं त्यानंतर तीन आठवड्यांनी, आणि तेही दाजींमुळेच.

दाजींचा कॉलेजचा मित्र सॉल्ट लेक सिटीला असतो, त्याला भेटायला आम्ही दोघंच जानेवारीत गाडीने निघालो. ताई आणि बायको घरीच थांबल्या, शहाण्या. एरवी आठ तासांचा रस्ता, पण तो जातो वायोमिंगच्या आय-80 हायवेवरून, आणि हिवाळ्यात त्या रस्त्याचा भरवसा कुणीच देत नाही. लॅरमीच्या पुढचा तुकडा 1970 मध्ये सुरू झाला तेव्हाच जुन्या लोकांनी सांगितलं होतं की डोंगराच्या इतक्या कडेने नेऊ नका, वारा झोडपून काढेल. ऐकतंय कोण. तिथे बर्फ वरून कमी पडतो आणि आडवा जास्त येतो. रस्त्याकडेला लांबच लांब लाकडी कुंपणं घातलीयेत नुसती उडता बर्फ अडवायला. आम्ही रॉलिन्सपर्यंत कसेबसे पोचलो आणि पुढे हायवेचं फाटक खाली आलेलं. हो, फाटक, रेल्वे क्रॉसिंगला असतं तसंच. गावातली मोटेलं भरलेली. शेवटी एका ट्रक स्टॉपवर थांबलो, दुपारी तीनपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत, म्हणजे 17 तास.

तिथे आमच्यासारखे वीसेक जण असतील, पण आमच्या कोपऱ्यात मोजके. नेब्रास्काचं एक म्हातारं जोडपं, आजोबांच्या डोक्यावर व्हिएतनाम युद्धात होतो सांगणारी टोपी. फ्रेझ्नोचा एक सरदार ट्रक ड्रायव्हर. शिकारीच्या जॅकेटमधला एक पोरगा, जो कुणाशीच बोलत नव्हता. आणि पायाशी कुत्रं घेऊन बसलेली पन्नाशीची एक बाई. सिनेमात मिनीच्या दाराची कडी मोडलेली असते, येणाऱ्याने लाथ मारून दार उघडायचं आणि आतल्यांनी ओरडायचं की फळी ठोका, एक नाही दोन ठोका. इथे सरकतं ऑटोमॅटिक दार होतं, वाऱ्याने त्याचा सेन्सर वेडा झालेला, कुणी नसताना उघडायचं आणि बर्फाचा लोट आत. अख्खा कोपरा एका सुरात ओरडायचा, दार! मी दाजींकडे बघून हसलो. त्यांना काही आठवलं नाही.

मग आजोबांनी विचारलं, तुम्ही कुठले, काय करता. अगदी सरळ विचारलं, पण बघत होते ते आमच्या बुटांकडे, जॅकेटकडे, आणि आम्ही पकडून ठेवलेल्या हीटरजवळच्या दोन खुर्च्यांकडे. मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, “डॉक्टर. आय ॲम डॉक्टर. फ्रॉम इंडिया.”

मी गार. मराठीत म्हणलं, “दाजी, काय हे?” तर तोंडावर हसू तसंच ठेवून मला म्हणतात, “तू गप बस. पाइपवाल्याला कोण खुर्ची देतंय इथं? डॉक्टर म्हटलं की माणसं सांभाळून घेतात.”

आता मेजर वॉरनचं लिंकनचं पत्र आठवा. अब्राहम लिंकनने मला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलंय म्हणून तो ते खिशात घेऊन फिरतो, जॉन रुथ ते वाचून हळवा होतो, त्याच भांडवलावर वॉरनला घोडागाडीत जागा मिळते. पुढे मॅनिक्स टर उडवतो, पत्र खोटं निघतं, रुथ लहान पोरासारखा दुखावतो. आणि वॉरन त्याला सुनावतो की काळ्या माणसाला या देशात जिवंत राहायचं तर समोरच्या गोऱ्याला आधी निवांत करावं लागतं, आणि झालंच ना काम, बसवलंस ना मला गाडीत? अख्ख्या सिनेमाचा कणा मला तिथे दिसतो. ते संवादांचे लाड नाहीत, ती ढाल आहे. दाजींनी तीच ढाल रॉलिन्सच्या ट्रक स्टॉपवर काढली होती. पाइपवाल्यांनी.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणायचं. सरदारजी गुडघा दाखवायला आले. “डॉक्टर साब, क्लच दबाते वक्त यहाँ चुभता है.” दाजींनी गुडघा दाबून बघितला आणि गरम पाण्याने शेकायला सांगितलं, इथपर्यंत ठीक. रात्री दहाच्या सुमारास त्या आजींना एकदम गरगरायला लागलं. रॉलिन्स जवळपास सात हजार फुटांवर आहे, पटकन चढून आलं की धडधाकट माणसालाही होतं. आजोबा उठले आणि थेट दाजींकडे आले. माझ्या पोटात गोळा. दाजी मात्र उठले, खुर्ची ओढली, आजींचं मनगट धरलं, डोळे मिटले, आणि विचारलं, “यू एट समथिंग?” आजींनी सकाळपासून काही खाल्लंच नव्हतं. सूप आणलं, पाणी पाजलं, अर्ध्या तासात आजी बऱ्या. आजोबांनी पुढे रात्रभर दाजींचा कप रिकामा होऊ दिला नाही, आणि दाजी बोलत राहिले. सांगलीचा पूर, हळदीचा भाव, त्यांचं नसलेलं हॉस्पिटल, त्यातली नसलेली नर्स. शिकारी पोरगाही शेवटी खुर्ची ओढून जवळ आला. त्या रात्री कुणी जागचं हललं नाही आणि मला एक मिनिट झोप आली नाही, इतका ताण मी कुठल्या गोळीबाराच्या सीनला अनुभवला नाही.

पहाटे चारला सगळे पेंगलेले, तेव्हा ती कुत्रेवाली बाई कॉफी घ्यायला उठली आणि जाताजाता दाजींच्या खुर्चीशी थांबून हळूच म्हणाली की मी आयसीयूत नर्स आहे, बावीस वर्षं. तुम्ही नाडी बघितलीत तेव्हा घड्याळाकडे एकदाही बघितलं नाहीत.

दाजी म्हणाले, “इन इंडिया, वुई काउंट इन माइंड.”

ती हसली नाही, ओरडलीही नाही. नुसतं मान हलवून कॉफी घेऊन जागेवर गेली. रात्रभर ती बघत बसली होती, आणि आम्हाला वाटत होतं आम्ही तिला बघतोय.

70 एमएमचं उत्तर हेच आहे. तो सिनेमा अल्ट्रा पॅनाव्हिजन 70 वर काढलाय, चौकट उंचीच्या 2.76 पट रुंद. 1966 नंतर हा फॉरमॅट कुणी वापरला नव्हता, जुन्या लेन्सा कपाटातून काढून दुरुस्त केल्या. लोकांना वाटतं एवढी रुंदी डोंगर दाखवायला. डोंगर आहेत सुरुवातीला, आमच्या कोलोरॅडोतच टेल्युराइडला शूटिंग झालं. पण खरी रुंदी खोलीत कामाला येते. पुढे दोघं बोलत असतात आणि मागे, पार कडेला, कुणीतरी काहीतरी करत असतं, कुणीतरी ऐकत असतं. चाळीच्या गॅलरीसारखं, दोघांचं भांडण चालू असलं तरी बाकीची सगळी दारं उघडीच. कॉफीत विष कोण टाकतं हे फक्त डेझीला दिसतं, आणि आपण मात्र बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेलो. म्हणजे पडदा बरोबर आकाराचा आहे, आपण चुकीच्या ठिकाणी बघतो. (इथे स्पॉयलर झाला, वर सांगायला हवं होतं, राहिलं.)

आणि वेस्टर्न का, तर माझ्या मते वेस्टर्न म्हणजे घोडे नाहीत, वेस्टर्न म्हणजे कायदा अजून पोचला नाही अशी जागा. योगायोग बघा, रॉलिन्समध्येच 1881 साली बिग नोज जॉर्ज नावाच्या दरोडेखोराला जमावाने तुरुंगातून ओढून काढून लटकवलं, आणि नंतर एका डॉक्टरने त्याच्या कातडीचे बूट शिवून घेतले. तो डॉक्टर पुढे वायोमिंगचा गव्हर्नर झाला. बूट तिथल्या म्युझियममध्ये आहेत, सकाळी फाटक उघडायची वाट बघताना मी दाजींना हे सांगितलं तर म्हणाले, “बघ, डॉक्टरला काहीही चालतं.” तर जॉन रुथ डेझीला वाटेतच गोळी न घालता जिवंत फासापर्यंत न्यायचा जो हट्ट धरतो, आणि जल्लाद म्हणवणारा तो गृहस्थ जमावाचा न्याय आणि थंड डोक्याचा न्याय यावर जे प्रवचन देतो, ते या मातीतलंच आहे. सगळे न्यायाबद्दल बोलतात आणि खोलीत कायद्याचा एकही माणूस सिद्ध करता येत नाही. याहून वेस्टर्न काय पाहिजे?

तुमचा हिशोब मात्र चूक नाही, खोलीतली पहिली गोळी खरंच इंटर्व्हलच्या तोंडावर सुटते. आणि सिनेमा बिनचूक आहे असंही नाही. डेझीला जितक्या वेळा तोंडावर मारतात ते बघवत नाही, पहिल्यांदा थिएटरात लोक हसले होते आणि मला लाज वाटली. शिव्यांचा मारा ज्यांना सहन होत नाही त्यांनी जाऊच नये. फ्लॅशबॅकचं प्रकरण मला लांबलेलं वाटतं, तोपर्यंत वॉरनने नुसत्या स्ट्यूच्या चवीवरून आणि एका खुर्चीवरून जे ताडलं होतं ते परत उलगडून दाखवायची गरज नव्हती. संगीतासाठी मात्र संगीतकार एन्यो मोरिकोनेंना वयाच्या 87 व्या वर्षी ऑस्कर मिळालं, मानद सोडलं तर पहिलंच, आणि ते रास्तच होतं. आणि घरी बघणार असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, एरवी तुम्हाला खरंच नुसत्या गप्पाच ऐकू येतील.

दाजींना मी गेल्या दिवाळीला परत विचारलं, त्या रात्री ट्रक स्टॉपवर काय काय झालं सांगा ताईला. म्हणाले, “काय होणार? काही नाही. गप्पा मारल्या आणि सकाळी निघालो.” मग मी सांगितलं की ‘हेटफुल एट’ची 2019 मध्ये चार भागांची मोठी आवृत्तीही आलीय, तुमचा इंटर्व्हलनंतरचा भाग राहिलाय, लावून देऊ का. पलीकडे थोडा वेळ शांतता.

“अजून वाढवलं?” म्हणाले आणि फोन ताईकडे दिला.