फ्रान्सच्या खेड्यातल्या ‘फक्त प्रौढांसाठी’ कॅम्पसाइटवर आठवडाभर राहणं आपल्याला जमेल का?

जमेल. तुम्ही दोघं जूनमध्ये नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनहून गाडीने मध्य फ्रान्समधल्या लिमोझँ भागात निघालाय, तेव्हा वेळही उत्तम निवडलीय. फक्त ‘वीज असतेच, म्हणून इंडक्शन नेतोय’ असं जे तुमच्या पत्रात लिहिलंय, ते रद्द करा.

‘तिथे लोक बिनकपड्यांनी राहतात, नाहीतर तुम्हाला मुलांचा राग येतो’ ही नातेवाईकांची शंका आधी मिटवू. ‘फक्त प्रौढांसाठी’ म्हणजे तिथे सहसा अठराच्या आतली मुलं नसतात, बाकी काही नाही. बिनकपड्यांनी राहायच्या जागा वेगळ्या. त्यांच्या पाटीवर ‘नात्युरिस्त’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तिथे तर कुटुंबं मुलाबाळांसकट येतात. शांतता हवी म्हणजे मुलांचा राग येतो, हा आरोपही मला मान्य नाही. दिवसभर पाखरांचा आवाज ऐकत पडून राहावंसं वाटणं ही साधी गरज आहे.

आता वीज. या जागा बहुतेक लहान, एखाद्या जुन्या शेतघराच्या आवारातल्या. फ्रान्समध्ये सहा तंबू किंवा वीस माणसांपर्यंतचा कॅम्प नुसती नोंद देऊन चालवता येतो, आणि अशा ठिकाणी दर जागेला बऱ्याचदा 6 अँपिअरच मिळतात. 6 गुणिले 230, म्हणजे 1380 वॅट. इंडक्शन 2000 चा. तो लगेच बंद पडत नाही, तिथेच माणूस फसतो. लोड दीडपटीच्या आत असला की जादा लोडला वीज तोडणारा ब्रेकर आधी तापतो आणि मग काही मिनिटांनी पडतो. म्हणून चहा उकळून घेतलेले लोक ‘आमचा तर व्यवस्थित चालला’ असं छातीठोकपणे सांगतात. डाळीचा कुकर लावला की पहिल्या शिट्टीच्या आधीच अंधार. इंडक्शनवर वॅटचा आकडा कमी ठेवूनही भरवसा नाही. बरेच स्वस्त इंडक्शन सलग कमी वीज ओढत नाहीत, जास्त ताकदीने चालू-बंद होत राहतात. त्यात शेगडीशेजारी फ्रिज आणि फोनचे चार्जर असतातच. ब्रेकर असतो कमरेएवढ्या वीजखांबात, आणि त्याचं झाकण पुष्कळदा कुलूपबंद. रिसेप्शन संध्याकाळी बंद झालं की सकाळपर्यंत फ्रिजही बंद.

‘गॅस धोकादायक, इंडक्शन सुरक्षित’ हे मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय. तंबूत गॅस पेटवला तर धोकादायक आहेच, कारण त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. म्हणून शेगडी कायम उघड्यावर. गॅसचा डबा खाली आणि बर्नर त्याच्या डोक्यावर, असली शेगडी कुकरसाठी घेऊ नका. रुंद भांड्याची आच खाली परतते, डबा तापतो, आणि वाऱ्यासाठी भोवती पत्रा लावलात तर आणखीच. नळीची, तीन पायांची बुटकी शेगडी घ्या. डबा ब्युटेन-प्रोपेन मिश्रणाचा हवा. पहाटे गारठा असला की नुसत्या ब्युटेनची ज्योत मरते. 450 ग्रॅमचा डबा पूर्ण आचेवर दोनेक तास चालतो. तीन लिटरचा कुकर रोज एकदा आणि चहा दोनदा, एवढ्याला आठवड्याला दोन डबे पुरतात. खेड्यातल्या सुपरमार्केटात सहसा कॅम्पिंगाझ कंपनीचे निळे, क्लिकचे डबे मिळतात. आट्याच्या, म्हणजे डबा स्क्रूसारखा फिरवून बसवायच्या शेगडीला ते बसत नाहीत, म्हणून आट्याचे डबे निघतानाच घ्या.

फ्रिजसाठी 25 मीटरची, 3 × 2.5 चौरस मिलिमीटरची वायर, टोकाला निळा तीन पिनांचा प्लग. जुन्या जागी साधं फ्रेंच सॉकेट असतं, म्हणून अडॅप्टरही. वायर रिळावरून पूर्ण सोडा. गुंडाळलेली तापते आणि वितळते.

तंबूसाठी पोलादी खुंट्या आणि हातोडी. आणखी दक्षिणेला, केर्सी भागात उतरलात तर तिथल्या चुनखडकात प्लॅस्टिकच्या खुंट्या टिकत नाहीत. वियेरझोंपासून पुढे ब्रीव्हपर्यंत ए-20 महामार्गाला टोल नाही. किराणा शनिवारीच भरा. रविवारी दुपारनंतर खेडं बंद, सोमवारीही बरीच दुकानं उघडत नाहीत. पुरुषांनी पोहायला घट्ट चड्डी न्यावी. सैल बर्म्युडा बऱ्याच तरणतलावांवर चालत नाही. गवतातून फिरून आलात की पोटऱ्या आणि गुडघ्यामागे गोचीड बघा. ती काढायचा छोटा हूक औषधाच्या दुकानात मिळतो.

हो, एक राहिलं. 500 वॅटचा छोटा राइस कुकर मात्र 6 अँपिअरवरही चालतो, तो खुशाल न्या, एवढ्यापुरती माझी हरकत नाही. आणि गॅसचा एवढा कैवार घेतला तरी कोरड्या उन्हाळ्यात जिल्हा प्रशासन उघड्या आगीवर बंदी घालतं. कोळशाची शेगडी तर जातेच, कधीकधी गॅसवरही निर्बंध येतात. म्हणून बुकिंगच्या मेलमध्येच दोन गोष्टी विचारा: अँपिअर किती, आणि त्या आठवड्यात गॅसची शेगडी चालेल का. मालक डच असेल तर डचमध्ये विचारा, तुम्ही नेदरलँड्समध्येच राहता.