अमेरिकेत ॲरिझोनातल्या टूसॉन शहराजवळच्या सवारो राष्ट्रीय उद्यानात जानेवारीत फिरणं आणि एक दिवस स्वयंसेवा, दोन्ही जमेल का? तयारी काय लागते?

जमेल, आणि जानेवारी निवडलात हे उत्तम. दुपारी १८-२० अंश, पहाटे ४-५. थंडी आहे म्हणून पाणी मात्र कमी घेऊ नका. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही. अर्ध्या दिवसाच्या कामाला माणशी ३ लिटर आणि सोबत काहीतरी खारट. पायवाटांवर पाणी मिळत नाही.

पहिली गफलत नकाशावरच होते. उद्यानाचे दोन तुकडे आहेत, पूर्वेला रिंकन, पश्चिमेला टूसॉन माउंटन, आणि मधे अख्खं शहर. कामाची जागा कुठल्या भागात आहे ते नाव नोंदवतानाच विचारा. गाडीशेजारी तंबू ठोकायची सोय दोन्हीकडे नाही. मुक्काम करायचाच तर परवाना काढून रिंकनच्या डोंगरात चालत जायचं.

पर्यटक व्हिसावर येणार असाल तर स्वयंसेवा चालेल असं गृहीत धरू नका, आधी उद्यानाला लिहून विचारा. काम सुरू करण्याआधी स्वयंसेवक करारावर सही करा. कामात इजा झाली तर सरकारी भरपाई त्या कागदामुळेच मिळते.

एका दिवसासाठी येणाऱ्यांना बहुतेक बफेल गवत उपटायला देतात. म्हणजे आपलं अंजन गवत! आपल्याकडे चांगला चारा, तिथे डोकेदुखी. ते निवडुंगांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं, वाळलं की पेटतं, आणि सवारोला, म्हणजे ज्याच्यावरून उद्यानाला नाव पडलं त्या उंच निवडुंगाला, आग सोसत नाही. ५०-७५ वर्षांनी पहिली फांदी फुटणारं झाड ते, एकदा जळलं की संपलं.

ओळख चुकली तर स्थानिक गवतच उपटलं जातं. खूण सोपी आहे: कणसावरचं बी बोटांनी ओरबाडून काढा. उरलेली काडी सँडपेपरसारखी खरखरीत लागली तर बफेल. मग पहार बुंध्यालगत तिरकी घाला, दगडाचा टेकू घेऊन दाबा, ठोंब हलला की गड्ड्यासकट उपटा. नुसती पाती हातात आली तर मेहनत वाया, गड्डा राहिला की पुन्हा फुटतं. मुळांची माती तिथेच झटका. हात घालण्याआधी पहारेने ठोंब हलवून बघा, विंचू किंवा साप असू शकतो. काम बहुतेक दक्षिणेकडे तोंड असलेल्या खडकाळ उतारावर असतं, म्हणून घोटा झाकणारे बूट आणि चामडी हातमोजे हवेतच. झुडपांच्या सावलीत पाय जपून टाका, सवारोची बोटभर रोपं तिथेच वाढतात.

खिशात एक मोठ्या दातांचा कंगवा ठेवा, चेष्टा नाही. चोया निवडुंगाचा तुकडा नुसत्या स्पर्शाने चिकटतो, आणि हाताने ओढलात तर हातालाही. कंगव्याचे दात तुकडा आणि कातडी यांच्यामध्ये सरकवा आणि माणसं नाहीत त्या दिशेला झटक्यात उडवा. उरलेले काटे चिमट्याने.

निघताना मोजे आणि बुटांच्या नाड्या तिथेच नीट तपासा. बफेलचं लोकरी बी त्यांत अडकतं आणि तुमच्यासोबत पुढच्या पायवाटेवर पोचतं.