जागा आधी, चेंडू नंतर

प्रिय पोरा,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. बास्केटबॉलच्या सामन्यातली तुझी ओळ: २८ मिनिटं, ४ गुण, १ स्टील (हिसकावलेला चेंडू), ४ फाउल. खाली एकच ओळ: "सर, मी संघात नक्की कशासाठी आहे?" स्कोअरशीट घरात कुणीतरी पाहिली असणार आणि "चारच?" असं विचारलं असणार. धीर धर वगैरे लिहीत बसत नाही, ते तुला ठाऊक आहे. त्याच शीटवर समोरच्या त्यांच्या शूटरची ओळ वाचलीस का? १७ प्रयत्न, ५ बास्केट. ते तुझ्या कामाचे आकडे आहेत, नाव त्याचं असलं तरी.

अमेरिकेतल्या एनबीए लीगमधल्या ब्रूस बोवेनचं नाव तूच मागे काढलं होतंस, "तोही असाच होता ना?" म्हणून. होता. पण तुला त्याच्या विजेतेपदाच्या अंगठ्या माहीत आहेत, आधीची वर्षं माहीत नाहीत. १९९३ मध्ये फुलर्टनचं कॉलेज संपलं तेव्हा एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणीही घेतलं नाही. मग फ्रान्समधले क्लब, मग अमेरिकेतली सीबीए ही दुय्यम लीग. मार्च १९९७ मध्ये मायामी हीटनं बोलावलं, आणि त्या मोसमात एनबीएच्या कोर्टवर तो किती वेळ होता? एक मिनिट. वय २५. पुढे बॉस्टन, फिलाडेल्फिया, पुन्हा मायामी. २००१ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सकडे गेला तेव्हा तिशी गाठली होती. लोक ज्याला त्याची कारकीर्द म्हणतात ती तिथून पुढची: २००३, २००५ आणि २००७ ची विजेतेपदं, २००१ ते २००८ सलग आठ वर्षं ऑल-डिफेन्सिव्ह, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दोन मानाच्या संघांत नाव, त्यातली शेवटची पाच पहिल्या संघात. सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात २००५, २००६, २००७ तिन्ही वेळा दुसरा.

सामन्यामागे गुण ६.१. हे सगळे सांगतात. मला त्याच्या शेजारचा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: सामन्यामागे स्टील ०.८. एकसुद्धा नाही! लीगमधल्या सगळ्यात चिवट बचावपटूंपैकी एक, आणि चेंडू हिसकावण्यात सामान्य. कारण तो चेंडूच्या मागे जात नव्हता. जागेच्या मागे जात होता.

जागा आधी, चेंडू नंतर. तुला हे ऐकून कंटाळा आलाय, मला सांगून आलेला नाही.

तुझे चार फाउल मी पुन्हापुन्हा पाहिले. चारही एकाच जातीचे: पाय थांबले आणि हात पुढे गेला. हात पुढे जातो तेव्हा वजन पुढच्या पायावर येतं, आणि त्या पायावर वजन असताना तो उचलता येत नाही. समोरच्याला नेमकं तेच हवं असतं. आपल्याकडे फिबा या जागतिक संघटनेच्या नियमानं पाचव्या फाउलला बाहेर जावं लागतं, एनबीएमध्ये सहाव्याला. शिवाय संघाचे एका क्वार्टरमध्ये चार झाले की पुढच्या प्रत्येक बचाव-फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता मारायच्या फेकी. म्हणजे तुझी एक हौस संघाला तीन ठिकाणी महागात पडते.

स्टान्सबद्दल, म्हणजे बचावात उभं राहण्याबद्दल, थोडक्यात. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, वजन चवड्यांवर, टाच इतकीच उचललेली की खालून कागद सरकावा. डोकं समोरच्याच्या हनुवटीच्या खाली. नजर त्याच्या बेंबीवर. चेंडू फसवतो, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. डावीकडे सरकायचं तर ढकलायचं उजव्या पायानं. तू डावा पाय उचलून अंग ओढत नेतोस, मग दोन्ही बूट एकमेकांना लागतात, आणि त्या क्षणी त्यानं दिशा बदलली की तू खांबासारखा उभा. आणि तो पुढे निघालाच तर सरकत बसू नकोस. वळ, तीन पावलं सरळ पळ, त्याच्या पुढची जागा पकड, मग पुन्हा स्टान्समध्ये बस.

आता क्लोजआउट, म्हणजे मोकळ्या शूटरवर धावून जाऊन त्याला अडवणं. सगळ्यात जास्त गुण तिथे जातात आणि तुझं सगळ्यात कच्चं तेच आहे. तू मदतीला आत आहेस, चेंडू बाहेर शूटरकडे फेकला गेला. अंतर समज पाच मीटर. पहिले तीन मीटर पूर्ण वेगानं पळायचं, पास हवेत असतानाच. त्याच्या हातात पडल्यावर निघालास तर उशीर झालाच. शेवटचे दोन मीटर बारीक पावलं, बूट लाकडावर करकरले पाहिजेत, कंबर खाली, अंग मागे. एक हातभर अंतर राखून थांबायचं. त्याच्या फेकीच्या बाजूचा हात वर, डोळ्यांसमोर. चेंडूवर झडप नाही.

चुका तीन होतात. बारीक पावलं विसरलास तर तू त्याच्या बाजूनं वाऱ्यासारखा निघून जातोस आणि तो मोकळ्या रस्त्यानं रिंगपर्यंत जातो. फसव्या उडीला उडालास तर तेच. तिसरी चूक मला सगळ्यात नको आहे: पुढे जाऊन त्याच्या पायाखाली पडणं.

इथे बोवेनबद्दलही सरळ बोलायला हवं. शूटर हवेत असताना त्याच्या खाली पाय सरकवतो, अशा तक्रारी अनेकांनी केल्या. हेतू नव्हता, असं तो सांगत राहिला. हेतू काय होता यावर मी भांडणार नाही, पण ते फुटेज "बघ, असा बचाव करतात" म्हणून पोरांना दाखवणाऱ्या कोचशी मात्र भांडेन. त्याचे सलग ५०० सामने २००८ मध्ये कशानं तुटले माहीत आहे? दुखापतीनं नाही. ख्रिस पॉल या समोरच्या संघातल्या खेळाडूला लाथ लागली म्हणून झालेल्या एका सामन्याच्या बंदीनं. आणि २०१७ च्या प्लेऑफमध्ये स्पर्सच्याच कवाय लेनर्डचा घोटा असाच दुसऱ्याच्या पायावर पडून गेला, त्यानंतर एनबीएनं उतरायची जागा न देण्यावर कडक फाउल लावायला सुरुवात केली.

नियम नीट पाठ कर, कारण जागा म्हणजे काय ते नियमच सांगतो. चेंडू असलेल्या खेळाडूकडे तोंड करून दोन्ही पाय टेकवलेस की ती जागा तुझी. त्याला थांबायला अंतर द्यायचं बंधन तुझ्यावर नाही. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याला मात्र एक-दोन पावलांचं अंतर द्यावं लागतं. आणि हवेत गेलेल्याला उतरायचा हक्क आहे. तो उडाल्यावर त्याच्या खाली जाऊन "सर, मी आधीच इथे होतो" म्हणता येत नाही. आधी म्हणजे तो उडायच्या आधी.

आता चेंडू येण्यापूर्वीचं काम. तुझ्या माणसाला चेंडू थ्रीच्या (तीन गुणांच्या फेकीच्या) रेषेवर, म्हणजे ६.७५ मीटरवर हवा असतो. पासच्या वाटेत तुझा हात आणि त्याच बाजूचा पाय असेल तर तो आठ मीटरवर जाऊन घेतो. तिथून फेकणार नाही. मग दोन ड्रिबल, त्यात दोन सेकंद, आणि २४ सेकंदांच्या घड्याळात ते त्यांना परत मिळत नाहीत. स्कोअरशीटला यासाठी रकानाच नाही. बोवेनचं अर्ध्याहून जास्त काम या रकाना नसलेल्या जागेत व्हायचं असं माझं ठाम मत आहे, आणि कुणी आकडे मागितले तर मी वाद सोडून देतो.

स्क्रीन, म्हणजे तुझी वाट अडवायला उभा राहणारा त्यांचा खेळाडू, येतोय हे तुला मागच्या उंच खेळाडूनं ओरडून सांगायचं. तो गप्प राहिला तर शनिवारी त्याला माझ्याकडे पाठव. आवाज आला की मागे सरू नकोस. उलट ड्रिबल करणाऱ्याकडे अर्धं पाऊल पुढे जा. पुढचा पाय स्क्रीन लावणाऱ्याच्या पायापलीकडे टाक, अंग चोर, आणि वरून, म्हणजे तो आणि ड्रिबल करणारा यांच्या मधून, निघ. खालून, म्हणजे रिंगच्या बाजूनं, गेलास तर शूटर तिथेच थांबून फेकतो. फक्त ज्याची थ्री बसतच नाही त्याच्यासाठी खालून, आणि तो कोण हे सामन्याआधी वहीत लिहिलेलं हवं. चेंडू नसलेल्या शूटरसाठी स्क्रीन लागला तर त्याच्या कमरेला चिकटून मागोमाग. मधून आडवाट काढायचा मोह होतो. तो बाहेरच्या बाजूला फिरला की आडवाट काढणारा आतच अडकतो.

लगेच फुशारून जाऊ नकोस म्हणून हेही सांगतो. २००७ च्या फायनलमध्ये लेब्रॉन जेम्सची नेमबाजी ३५.६ टक्क्यांवर आली, स्पर्सनी क्लीव्हलंडला ४-० हरवलं, आणि लेब्रॉनसमोर मुख्यतः बोवेन होता. पण बोवेनच्या मागे टिम डंकन, स्पर्सचा उंच खेळाडू, उभा होता. बोवेन लेब्रॉनला जिकडे वळवायचा तिकडे कुणीतरी असायचं. तू परवा तुझ्या माणसाला बेसलाईनकडे (रिंगमागच्या रेषेकडे) ढकललंस, मदत मधल्या बाजूला होती, आणि बास्केट पडल्यावर हात पसरून सगळ्यांकडे पाहिलंस. त्या पाहण्यावर मला राग आला. कुठे वळवायचं हे आधी ठरलेलं नसेल तर चूक तुझीही आहे.

आणि आता तो भाग, जो ऐकायला तुला आवडेल. नुसत्या बचावावर बोवेनला एवढी मिनिटं मिळाली नसती. त्याचा माणूस त्याला मोकळा सोडून डंकनवर दुहेरी पहारा लावायला गेला असता तर स्पर्सना पाचाऐवजी चारांत खेळावं लागलं असतं. म्हणून त्यानं एकच फेक पक्की केली, कोपऱ्यातली थ्री. एनबीएत वरून अंतर २३ फूट ९ इंच, कोपऱ्यात २२ फूट. २००२-०३ च्या मोसमात ४४.१ टक्के थ्री मारून तो लीगमध्ये पहिला आला. त्याच मोसमात त्याचे फ्री थ्रो ४०.४ टक्के! समोर कुणी नसताना, घड्याळ थांबलेलं असताना, त्याहून जवळून. हे तू उचलू नकोस.

आपल्याकडे कोपऱ्याचा फायदा इतका मोठा नाही: ६.६० मीटर, म्हणजे फक्त १५ सेंटीमीटर कमी. आणि थ्रीची रेषा ते साइडलाईन अंतर ९० सेंटीमीटर. तुझा बूट त्यातला तिसरा हिस्सा खातो. परवा एकदा टाच साइडलाईनवर पडून चेंडू गेलाच ना? पाय चेंडू येण्याआधी लावलेले हवेत. चेंडू पकडल्यावर पाय शोधणारा कोपऱ्यात टिकत नाही. इथेही तेच, जागा आधी. रोज २०० फेकी, १०० डाव्या कोपऱ्यातून, १०० उजव्या, आणि पास देणारा रिंगखाली उभा असला पाहिजे, कारण सामन्यात चेंडू तिथूनच येणार. भिंतीवर आपटून स्वतःच घेतलेल्या फेकी मोजायच्या नाहीत. शेवटच्या ५० फेकी क्लोजआउटच्या पाच फेऱ्या करून दमल्यावर. १०० पैकी ३५ जात नाहीत तोवर सामन्यात फक्त मोकळी असेल तेव्हाच फेक.

रेल्वेच्या ट्रायलचं मागे विचारलं होतंस. क्रीडा कोट्यातली नोकरी मनात ठेवणं यात लाजायचं काही नाही. आपल्याकडे बास्केटबॉलवर पोट भरायच्या वाटा किती आहेत ते आपण दोघंही जाणतो. ट्रायलमध्ये अनोळखी दहा जण खेळतात, प्रत्येकाला आपली फेक दाखवायची असते, पास कुणी देत नाही. तिथे तुझा बचाव दिसायला वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत समोरच्या सगळ्यात चांगल्या शूटरला मोठ्यानं नाव घेऊन माग: "याला मी घेतो." निवडणारे मान वर करतात. मग त्याला आठ मीटरवर चेंडू घ्यायला लाव. आक्रमणात कोपऱ्यात जाऊन उभा राहा, आणि चेंडू दहा मिनिटं आला नाही तरी कोपरा सोडू नकोस. तू सोडतोस. चेंडू येत नाही म्हटलं की मध्ये जाऊन गर्दी करतोस.

लोक म्हणतात मी पोरांना बचावात कोंडून ठेवतो, त्यांचे गुण मारतो. असेल. ज्यांना मी फेकू दिलं नाही अशी दोन-तीन पोरं आठवली की मलाही झोप लागत नाही. पण पाय न हलवता फेकायला शिकलेली पोरं मी त्याहून जास्त पाहिली आहेत, आणि ती वरच्या पातळीवर दुसऱ्या क्वार्टरमध्येच बाकावर बसतात. म्हणून माझा क्रम बदलणार नाही. कोपरा तुला आता देतोय, कारण पाय आले आहेत. दोन वर्षांपूर्वी मागितला होतास तेव्हा आले नव्हते.

रविवारी त्यांच्या ७ नंबरवर तू आहेस. त्यांच्या मागच्या सामन्याचा व्हिडिओ पाठवलाय, पहिलं आणि तिसरं क्वार्टर पाहा. तो उजवीकडे जाताना दोन ड्रिबलवर थांबून फेकतो, डावीकडे जाताना रिंगपर्यंत जातो. तिसरा ड्रिबल उजवीकडे कधी घेतो ते मला सापडलेलं नाही. मोजून वहीत लिही आणि शनिवारी घेऊन ये. घोट्याला पट्टी घरूनच बांधून ये, मागच्या वेळी त्यातच वीस मिनिटं गेली.

तुझा,
सर