आईचीच किडनी असेल तर शरीराला तिची सवय लागून गोळ्या बंद होतात का?

प्रश्न वाचला आणि आमचे मोठे मामाच डोळ्यांसमोर आले. 2015 साली आईची किडनी मला बसवली, तेव्हा भेटायला आलेले मामा म्हणाले, "तिच्याच पोटात वाढलास ना? मग तिची किडनी तुला परकी कशी?" ऐकायला फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षं क्रिएटिनिन (रक्तातला कचरा, किडनी बिघडली की वाढतो) 1.2 च्या आसपास होतं. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या टॅक्रोलिमस या गोळीने हात मात्र असे कापायचे की चहा बशीत सांडायचा. त्यात मामांचं तुणतुणं, "एवढ्या गोळ्या खाऊन हीपण किडनी घालवशील." शेवटी रात्री आठचा डोस मी गुपचूप सोडून दिला. दीड महिन्यात पाय सुजले, क्रिएटिनिन 3.6. बायोप्सीत रिजेक्शन निघालं, म्हणजे शरीर किडनी नाकारत होतं. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं. किडनी वाचली, पण क्रिएटिनिन 1.9 च्या खाली काही आलं नाही.

मामांना तेव्हा जे सांगता आलं नाही ते इथे सांगतो. एचएलए म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, त्यांवरून शरीर आपलं-परकं ठरवतं. त्यांचा निम्मा संच आईकडून येतो, निम्मा बापाकडून. आईचा जो निम्मा आपल्यात उतरलाच नाही, तो तिच्या किडनीवर असतोच आणि आपल्या शरीराला तो परकाच. एकाच बीजातून फुटलेल्या जुळ्यांचं वेगळं, त्यांचा संच सारखाच. 1954 मध्ये बोस्टनला पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते अशाच भावांमध्ये, आणि तिथेही डॉक्टरांनी आधी एकाची कातडी दुसऱ्याला लावून ती टिकते का हे पाहिलं होतं.

सवय आपोआप लागत नाही, लावावी लागते. मेडावार या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी 1953 मध्ये उंदराच्या गर्भातल्या पिल्लांना दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या. मोठेपणी त्या पिल्लांनी त्याच वाणाची कातडी स्वीकारली. याला 1960 चं नोबेल मिळालं. पण आपण जन्मून बसलोय! मोठ्या माणसात हे करायचं तर आधी त्याची प्रतिकारशक्ती औषधांनी आणि किरणांनी पार लोळवायची, मग किडनीबरोबर दात्याची अस्थिमज्जाही द्यायची. बोस्टनच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये असे पाच रुग्ण मांडले, एचएलए निम्माच जुळणारे, म्हणजे आमच्यासारखेच. चौघांच्या गोळ्या सुटल्या, एकाची किडनी गेली. अशा उपचारानंतर पुढे काहींना पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागल्या. मामा, हे घरी बसून डोस सोडण्यासारखं नाही.

आता खरं सांगायचं तर मामा अगदीच चुकले नव्हते. पोटात असताना आईच्या थोड्या पेशी बाळात येतात आणि कित्येक वर्षं टिकतात. फक्त तेवढ्यावर गोळ्या सुटत नाहीत. यकृताचं थोडं निराळं आहे, तिथे काही निवडक रुग्णांच्या गोळ्या डॉक्टर हळूहळू बंद करू शकतात. मी डॉक्टर नाही, हार्डवेअरचं दुकान आहे माझं. हात कापत असतील तर नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) सांगा, औषधाची रक्तातली लेव्हल बघून डोस बदलतात. मी ते दोन वर्षं विचारलंच नव्हतं.

रक्तातली टॅक्रोलिमसची लेव्हल बघून डॉक्टरांनी मला तेव्हाच पकडलं होतं. आई मात्र दवाखान्यात एकच म्हणत होती, "माझीच किडनी जुनी निघाली रे." डोस सोडल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही.