कर्फ्यूत आसरा दिला, आता नोटीस आली आहे

प्रश्न : मी इंदूरच्या सुदामानगरात राहते. २०२१ च्या कोरोना कर्फ्यूत आमचे नोंदणीकृत महिला मंडळ घरी विलगीकरणात असलेल्या कुटुंबांना जेवणाचे डबे पोहोचवीत असे. त्यांपैकी एका घरची सून मार खाऊन चार वर्षांच्या मुलासह रात्री माझ्याकडे आली. मी १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला आणि दुसऱ्या दिवशी कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणांसाठी नेमलेल्या सरकारी संरक्षण अधिकाऱ्यांना सर्व सांगितले. काही आठवडे ती माझ्याकडे राहिली व नंतर देवासला माहेरी गेली. २०२३ मध्ये तिने इंदूरच्या कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज केला असून त्यात माझे नाव साक्षीदार म्हणून आहे. आता नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली आहे : पत्नीला फूस लावून नेले, मुलासह डांबून ठेवले, कर्फ्यू मोडला, बदनामी केली, लेखी माफी मागा आणि पाच लाख रुपये द्या. माफी देऊन मोकळे व्हा, असे मंडळाच्या कार्यकारिणीचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : ताई, माफीचे पत्र कृपया देऊ नका. तुमच्या सहीचा तो कागद उद्या तिच्याच अर्जात तिच्याविरुद्ध दाखल होईल, आणि नोटिशीचा खरा उद्देश तोच असावा असे मला वाटते.

फूस लावण्याचा आरोप ऐकायला भयंकर असला तरी कायद्यात तो टिकत नाही. घटना २०२१ ची असल्यामुळे तिला जुनी भारतीय दंड संहिता लागू होते आणि तिच्या कलम ४९८ प्रमाणे विवाहित स्त्रीला नेणे हा गुन्हा अनैतिक संबंधांच्या हेतूने नेले तरच होतो. स्वतःहून दारात आलेल्या सज्ञान स्त्रीला आसरा देणे त्यात बसत नाही. डांबून ठेवल्याचे म्हणाल तर ती आपल्या मर्जीने राहिली व आपल्या मर्जीने माहेरी गेली, हे तीच कोर्टाला सांगेल. मुलगा आईबरोबर होता, आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडेच असतो. कर्फ्यूच्या आदेशभंगाबाबत, म्हणजे दंड संहितेच्या कलम १८८ बाबत, संबंधित अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवाचून कोर्ट दखल घेत नाही. शिवाय त्याची एक वर्षाची मुदतही केव्हाच संपली आहे.

तुमची सर्वांत भक्कम बाजू त्या रात्रीचा फोन व दुसऱ्या दिवशीचे बोलणे ही आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार, हिंसाचार झाला आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते आणि सद्भावनेने दिलेल्या अशा माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. मंडळाची स्थिती मात्र थोडी वेगळी आहे. सोसायटी म्हणून झालेली नोंदणी पुरेशी नसते. कलम १० खाली सेवा देणारी संस्था म्हणून राज्य शासनाकडे स्वतंत्र नोंदणी असेल तरच संस्थेला घटनेचा अहवाल नोंदवून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवता येतो आणि त्या कामाला त्या कलमाचे संरक्षण मिळते. अशी नोंदणी नसली म्हणून तुमची मदत बेकायदा ठरत नाही. परंतु हे काम पुढे चालवायचे असेल तर कार्यकारिणीने माफीच्या ठरावाऐवजी या नोंदणीचा ठराव करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

साक्ष अवश्य द्या. चार भिंतींआडच्या मारहाणीला, त्यातून सगळी दारे बंद असलेल्या दिवसांत, बाहेरचा साक्षीदार क्वचितच मिळतो. कोर्टाचे समन्स आल्यावर तुम्ही जे प्रत्यक्ष पाहिले तेवढेच सांगा : ती किती वाजता आली, अंगावर कोठे वळ होते, मुलगा कसा होता, तुम्ही कोणाला फोन केला. तिच्या सासरबद्दल ऐकीव काही बोलू नका, कारण उलटतपासणी तेथूनच सुरू होते. डबे वाटपाच्या वहीत त्या दिवशीच केलेली नोंद असेल तर साक्षीच्या वेळी ती पाहून स्मरण ताजे करता येते. वहीत आता एक अक्षरही वाढवू नका. वळांचे फोटो काढले असतील तर तो मोबाइल विकू किंवा बदलू नका. अर्ज २०२३ चा असल्याने त्या फोटोंच्या प्रती जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे, प्रमाणपत्र जोडूनच दाखल कराव्या लागतील. अर्ज उशिरा केला असे नवरा म्हणत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ‘कामात्ची विरुद्ध लक्ष्मी नारायणन’ या प्रकरणात दिलेला निकाल तिच्या वकिलांना सांगा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खालील अशा अर्जाला फौजदारी प्रक्रिया संहितेची मुदत लागू होत नाही, असे त्यात स्पष्ट झाले आहे.

बदनामीच्या आरोपापुरती मात्र सावधगिरी हवी. संरक्षण अधिकाऱ्यांना सद्भावनेने सांगितलेले दंड संहितेच्या कलम ४९९ च्या आठव्या अपवादात येते. तोच मजकूर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला असेल तर त्याला हा आधार मिळत नाही. तसे काही झाले असल्यास संदेश पुसू नका, तो पुरावा आहे. मात्र यापुढे तिचे नाव किंवा फोटो कोणीही पुढे पाठवू नये, कारण तिच्या दुःखाची वाच्यता कोठे करायची हे ठरवण्याचा अधिकार तिचाच आहे.

नोटिशीला दिलेल्या मुदतीत वकिलामार्फत थोडक्यात उत्तर द्या : आरोप अमान्य, माहिती सद्भावनेने दिली, माफी व रक्कम देणे लागत नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर इंदूरच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. साक्ष देऊ नये म्हणून कोणी धमकावल्यास तारीख, वेळ व शब्द लिहून ठेवा, पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि तिच्या वकिलांमार्फत दंडाधिकाऱ्यांच्याही कानावर घाला. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खालील संरक्षण आदेशात पीडितेला मदत करणाऱ्या व्यक्तींवर हिंसा करण्यासही मनाई करता येते.