‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ हा हुद्दा घेऊन अमेरिकेत जाताना

तुमचा हुद्दा ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह, सेल्स’, कंपनी अमेरिकेला पाठवतेय, आणि तिकडच्या मेल्समध्ये सारखं ‘एक्झेक्स’ दिसतं. ते आपल्यासारख्यांबद्दलच असतं का, आणि रेझ्युमेवर ‘सीनियर एक्झेक’ लिहावं का, असे तुमचे दोन प्रश्न.

दोन्हींचं उत्तर एकच: ‘नाही’. तिकडे ‘एक्झेक’ म्हणजे कंपनी चालवणारी वरची फळी: सीईओ, सीएफओ, सीओओ आणि मोठ्या विभागांचे प्रमुख. उच्चार ‘इग्झेक’च्या जवळ जातो, जोर ‘झेक’वर. ‘एक्झेक्सकडून मंजुरी हवी’ म्हणजे निर्णय तुमच्या बॉसच्याही वर व्हायचा आहे. शब्द बोलीतला आहे. करारात किंवा औपचारिक पत्रात पूर्ण ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहितात. ‘एक्झेक असिस्टंट’ मात्र ज्युनियर एक्झेक नव्हे, साहेबांची सहायक. त्यांच्याशी नीट वागा, कॅलेंडर त्यांच्याच हातात असतं.

आपल्याकडे एक्झिक्युटिव्ह ही सुरुवातीची पायरी आणि ‘सीनियर’ त्याच्या एक-दोन पायऱ्या वर. अमेरिकन रिक्रूटर तेच वाचून तुम्हाला उपाध्यक्षाच्या तोलाचं समजतो, खाली चार वर्षांचा अनुभव बघतो आणि फाइल बाजूला ठेवतो. म्हणून अधिकृत हुद्दा जसाच्या तसा ठेवा, कारण बॅकग्राउंड चेकमध्ये तोच जुळवला जातो; शेजारी कंसात कामाचं तिकडचं नाव द्या. सेल्ससाठी ‘सेल्स रिप्रेझेंटेटिव्ह’, कस्टमर केअरसाठी ‘कस्टमर सर्व्हिस रिप्रेझेंटेटिव्ह’, एचआरसाठी बहुधा ‘एचआर कोऑर्डिनेटर’. अपवाद ‘अकाउंट एक्झिक्युटिव्ह’चा: अमेरिकन सॉफ्टवेअर कंपन्यांत तो सौदा पक्का करणारा विक्रेता असतो. तुमचं काम तेच असेल तर बेलाशक वापरा.

खरी अडचण व्हिसात येते. कंपनीने अमेरिकेत बदलीवर पाठवलेल्यांचा व्हिसा म्हणजे एल-१, त्याचे दोन वर्ग: एल-१ए हा मॅनेजर आणि एक्झिक्युटिव्ह यांच्यासाठी, एल-१बी विशेष ज्ञान असलेल्यांसाठी. पहिल्यात जास्तीत जास्त ७ वर्षं राहता येतं, दुसऱ्यात ५. दोन्हींसाठी अर्जाआधीच्या ३ वर्षांत सलग १ वर्ष त्याच समूहाच्या अमेरिकेबाहेरच्या कंपनीत काम झालेलं हवं. इथे हुद्द्याला किंमत नाही. एक्झिक्युटिव्ह ठरायला संस्थेचा किंवा तिच्या मोठ्या भागाचा कारभार तुम्ही चालवायला हवा, उद्दिष्टं व धोरणं ठरवायला हवीत, निर्णयाला मोकळीक हवी आणि वरून फक्त ढोबळ देखरेख हवी. मॅनेजर म्हणून अर्ज करायचा तर हाताखालची माणसं पर्यवेक्षक, मॅनेजर किंवा व्यावसायिक दर्जाची लागतात, नाहीतर एखादं महत्त्वाचं कार्य वरच्या पातळीवर सांभाळलेलं दाखवावं लागतं. स्वतः ग्राहकांकडे फिरून माल विकणारा या दोन्हींत बसत नाही, कार्डावर काहीही छापलेलं असो.

कंपनीच्या वकिलाला आताच विचारा: आय-१२९ (कंपनीने तुमच्यासाठी भरायचा व्हिसाचा अर्ज) कोणत्या वर्गात जातोय? एल-१ए असेल तर कंपनीच्या पाठिंब्याच्या पत्रात रोजची कामं आणि प्रत्येकाला जाणारा वेळ टक्क्यांत हवा. संस्थेचा तक्ता हवा, त्यात तुमच्या खालच्यांची कामं आणि शिक्षण. नियमातली वाक्यं जशीच्या तशी उतरवलेली पत्रं बरीच दिसतात. त्यांवर हमखास जादा पुरावा मागितला जातो आणि महिने जातात. ‘व्हिसासाठी हुद्दा वाढवून घेऊ’ हा सल्ला तर घेऊच नका: पगारपत्रक, लिंक्डइन आणि पत्र यांत तफावत दिसली की कॉन्सुलेटच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच.

ब्रिटनचाही पर्याय असेल, तर तिथे सावध: ‘मार्केटिंग एक्झिक्युटिव्ह’ आपल्यासारखाच कनिष्ठ, सरकारी ‘एक्झिक्युटिव्ह ऑफिसर’ही खालच्या फळीतला, पण ‘नॉन-एक्झेक’ म्हणजे रोजच्या कारभारात नसलेला संचालक. शिवाय तिथला ‘एमडी’ कंपनीप्रमुख असतो. अमेरिकेत नावामागे एमडी लावलंत तर लोक तुम्हाला दुखणी सांगतील.